पाटी बदलली, मस्टर तेच

रणछोडदास भवान लोटवाला हे नाव आज मुंबईत फारसं कुणाच्या तोंडी नाही. पिठाच्या गिरणीचे मालक, वर्तमानपत्रांत पैसा घातलेले, आणि पुस्तकांच्या बाबतीत हात अगदी सैल. १९२१ मध्ये श्रीपाद अमृत डांगे नावाच्या विशीतल्या पोराने गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली. ती वाचून लोटवालांनी त्याला हाताशी धरलं आणि मार्क्सवादी पुस्तकं त्याच्यापुढे ठेवली. मुंबईतल्या कम्युनिस्ट चळवळीच्या पाळण्याची दोरी काही काळ एका गिरणीमालकाने ओढली होती, हे लालबागच्या जुन्या मंडळींना सांगितलं की ती अजूनही जरा चुळबुळतात.

मला मात्र पुढच्या भागाची जास्त मौज वाटते. याच लोटवालांनी नंतर समाजशास्त्राची म्हणून एक संस्था काढली आणि १९४७ साली तिचं नाव बदलून ‘लिबर्टेरियन सोशलिस्ट इन्स्टिट्यूट’ ठेवलं. त्या काळच्या युरोपातल्या कामगार पुढाऱ्याला या नावाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसता. सरकार नको आणि शेठही नको, एवढाच तो अर्थ. जोसेफ देजाक नावाच्या फ्रेंच अराज्यवाद्याने १८५७ मध्ये स्वतःला ‘लिबर्टेर’ म्हणवून घेतलं होतं आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधून त्या नावाचं पत्र काढलं होतं. त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५७ मध्ये, लोटवालांच्याच वर्तुळातून ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे इंग्रजी नियतकालिक निघालं. ते होतं मुक्त अर्थव्यवस्थेचं, खाजगी मालमत्तेचं, नेहरूंच्या नियोजनाला विरोध करणारं. म्हणजे सरकार आवरा, शेठला राहू द्या. दहा वर्षांत अर्धं वाक्य गळालं आणि नाव कायम राहिलं. अमेरिकेत याच नावाचा पक्ष १९७१ मध्ये निघाला. आज हा शब्द ऐकला की लोकांना तोच आठवतो, बिचारा देजाक कुणालाच नाही.

राजकारणातल्या बहुतेक नावांचं असंच होतं. समाजवाद, भांडवलशाही, लोकशाही, अराजक. प्रत्येकाची व्याख्या तो शब्द ज्याला हवा असतो किंवा नको असतो त्याने केलेली. मी कुठल्या पक्षाचा नाही, आणि अराज्यवादी आहे असं म्हणायलाही मला संकोच वाटतो. सोसायटीचा मेंटेनन्स मुदतीत भरणारा अराज्यवादी कुणी पाहिलाय? पण या लोकांनी केलेल्या व्याख्या मी गेली काही वर्षं मुंबईवर लावून बघतो आहे. बाकीचे सगळे विचारतात, सातबारा कुणाच्या नावावर? सरकारच्या असला तर समाजवाद, शेठच्या असला तर भांडवलशाही. अराज्यवादी वेगळंच विचारतात. हुकूम कोण सोडतं, आणि तो मोडला तर काय होतं?

हा प्रश्न मुंबईत बसून सगळ्यात चिकाटीने विचारणारा माणूस म्हणजे एम. पी. टी. आचार्य. जन्म १८८७, मद्रास. तरुणपणी लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या मंडळींत. मग युरोप, अमेरिका, आणि १९२० च्या ऑक्टोबरात ताश्कंद, जिथे भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली. स्थापना करणाऱ्यांत हे होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी लगेच वाजलं आणि आचार्य बाहेर पडले. मॉस्कोत त्यांनी माग्दा नाखमान या चित्रकर्तीशी लग्न केलं. कवयित्री मारीना त्स्वेतायेवाला समोर बसवून तिचं चित्र काढणारी ही बाई. दोघं बर्लिनला गेली, तिथे आचार्यांचा अराज्यवादी कामगार संघटनांशी घरोबा झाला, आणि १९३० च्या दशकात हे जोडपं मुंबईत येऊन राहिलं. माग्दा १९५१ च्या फेब्रुवारीत गेली. आचार्य १९५४ च्या मार्चमध्ये, हलाखीत. लोटवालांच्या संस्थेच्या त्या ‘लिबर्टेरियन सोशलिस्ट’ नावामागे आचार्यांची संगत होती.

आचार्यांनी रशिया क्रांतीनंतर लगेचच आतून पाहिला होता. त्यामुळे ‘रशियात समाजवाद आला’ हे वाक्य त्यांना कधीच गिळता आलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. हजार मालकांच्या जागी एकच मालक आला आणि पोलीसही त्याचेच, तर कामगाराचं काय बदललं? एका शेठकडून दुसऱ्याकडे जायची सोय होती, तीही गेली. ही त्यांची खाजगी कटुता होती असं म्हणून सोडून देता येत नाही. लेनिनने स्वतः १९१८ मध्ये लिहून ठेवलंय की राज्य भांडवलशाही आली तर ते रशियाच्या तेव्हाच्या अवस्थेपेक्षा एक पाऊल पुढे ठरेल. म्हणजे हे नाव लेनिननेच वापरलेलं. अराज्यवाद्यांनी फक्त ते खाली ठेवू दिलं नाही. फेब्रुवारी १९२१ मध्ये रशियन अराज्यवादी क्रोपोत्किन वारला, तेव्हा मॉस्कोत त्याच्या अंत्ययात्रेला जाता यावं म्हणून तुरुंगातल्या काही अराज्यवाद्यांना तेवढ्यापुरतं सोडलं होतं. काळे झेंडे घेऊन तिथे असा मोठा जमाव त्यानंतर निघाला नाही. पुढच्याच महिन्यात क्रोनश्टाटच्या नाविकांनी मुक्त निवडलेल्या सोव्हिएतांची, म्हणजे कामगार-सैनिकांच्या पंचायतींची, मागणी केली आणि बोल्शेविकांच्या लाल सैन्याने ती तोफांनी मोडून काढली. दुसरा रशियन अराज्यवादी बाकुनिन याने १८६७ मध्ये म्हटलं होतं की समाजवादाशिवाय स्वातंत्र्य म्हणजे विशेष हक्क आणि अन्याय, आणि स्वातंत्र्याशिवाय समाजवाद म्हणजे गुलामी आणि पशुत्व. पाच वर्षांनी, १८७२ च्या हेग अधिवेशनात, मार्क्सच्या बाजूने त्याला कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, पहिल्या इंटरनॅशनलमधून, हाकललं.

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, पण वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार आणि पुढे दत्ता सामंत. पगारवाढ आणि बोनस या मागण्या सगळ्यांना आठवतात. तिसरी मागणी विसरली जाते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच युनियन ‘प्रातिनिधिक’ ठरते, मालकाशी बोलायचा हक्क तिचाच. कामगार बाहेर दुसऱ्याच पुढाऱ्यामागे उभे असोत, कायद्याच्या कागदावर त्यांचा प्रतिनिधी ठरलेला. हा कायदा जावा म्हणूनही तो संप होता. आता याला काय म्हणायचं? गिरण्या खाजगी, नफा खाजगी, आणि कामगारांच्या वतीने कोण बोलणार हे ठरवणार सरकार. ‘भांडवलशाही म्हणजे सरकारची ढवळाढवळ नसणं’ ही व्याख्या परळच्या नाक्यावर एक दिवस टिकली नसती.

ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. वडिलांची गिरणी त्यांतली. चाळीत पेढे वाटले गेल्याचं मला आठवतं, कारण पेढा खाऊन आई रडली होती. सरकारी गिरणी म्हणजे आता नोकरी पक्की, ही समजूत. वडिलांना परत आत घेतलं, पण बदली म्हणून. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षं चार साचे सांभाळले तो रोज सकाळी गेटवर उभा राहायचा, आज कुणी दांडी मारली असेल तर आपला नंबर लागेल म्हणून. गेटवरची पाटी नवी, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची, हिंदीतही. खिडकीत टाइमकीपर जुना. मस्टरही जुनंच, त्याच कापडी पुठ्ठ्याचं. पहिल्या पानावरचा शेठच्या कंपनीचा शिक्का शाईच्या दोन रेघांनी खोडून वर सरकारी शिक्का मारलेला. वडील सांगायचे की नवा शिक्का नीट उमटला नव्हता, आणि खालचा जुना स्पष्ट वाचता यायचा. काम नाही मिळालं की पास खिशात घालून ते चालत घरी यायचे, आणि दुपारी गॅलरीत बसून समोरची गिरणीची चिमणी बघायचे.

त्या वेळी चाळीतले काँग्रेसवाले म्हणायचे, हा समाजवाद. लाल बावट्याचे म्हणायचे, छे, हा बूर्झ्वा सरकारने मालकांचं दिवाळं आपल्या अंगावर घेतलं, खरा समाजवाद वेगळा. पहिल्या मजल्यावरचे बँकवाले जोशी म्हणायचे, समाजवादानेच गिरण्या बुडवल्या. तिघांच्या व्याख्या सातबाऱ्यावरून चाललेल्या. वडिलांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते मस्टरबद्दल बोलले असते.

जमिनीचं पुढे काय झालं ते मुंबईने पाहिलंय, मी फार लांबवत नाही. १९९१ च्या विकास नियमांत गिरण्यांच्या जागेची वाटणी साधारण तीन हिश्शांत होती: मोकळी जागा पालिकेला, काही म्हाडाच्या घरांना, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियमात फेरफार झाला आणि वाटणी फक्त त्या जागेची उरली जिच्यावर बांधकाम नव्हतं. शेडखालची जमीन हिशोबातून बाहेर. गिरणी म्हणजे तर सगळी शेडच. २००५ मध्ये सरकारी महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेरफार कायम ठेवला. आज तिथे जे मनोरे आहेत त्यांना ‘बाजाराची ताकद’ म्हणतात. बाजार होताच, पण नियमातल्या एका ओळीने त्याला वाट करून दिली. १९४४ च्या जानेवारीत टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी मिळून आर्थिक विकासाचा आराखडा मांडला, ज्याला लोक ‘बॉम्बे प्लॅन’ म्हणतात. त्यात सरकारने अर्थव्यवस्थेत उतरावं, नियोजन करावं, अशी मागणी होती. देशातले सगळ्यात मोठे भांडवलदार सरकार मागत होते! अराज्यवाद्याला यात नवल वाटत नाही. त्याच्या लेखी भांडवलशाही आणि सरकार एकाच घरातले भाऊ, वाटणीवरून भांडतात तेवढंच.

इथे एक गोष्ट निसटते ती सांगतो. बाजार आणि भांडवलशाही या दोन गोष्टी अराज्यवाद्यांतले बरेचजण वेगळ्या मानतात. फ्रेंच विचारवंत प्रूदाँ, ज्याने १८४० मध्ये स्वतःला पहिल्यांदा उघडपणे अराज्यवादी म्हटलं, त्याला खरेदी-विक्रीचं वावडं नव्हतं. त्याला व्याज, भाडं आणि दुसऱ्याच्या घामावरचा नफा नको होता. हे कसं दिसेल असं कुणी विचारलं तर मी लिज्जतकडे बोट दाखवतो. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. माझी आत्या बरीच वर्षं लिज्जतचे पापड लाटायची. सकाळी भिजवलेलं पीठ आणायचं, घरी लाट्या करून लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचं आणि नवं पीठ घ्यायचं. लाटल्याचे पैसे मिळायचे, शिवाय नफा-तोट्यात वाटा, कारण लाटणारी प्रत्येक बाई सभासद. माल मात्र सरळ बाजारात, दुसऱ्या कुठल्याही मालासारखा. मग हा समाजवाद की भांडवलशाही? मॅनेजमेंटवाले त्याला उद्योजकता म्हणतात, सर्वोदयवाले सर्वोदय म्हणतात. आत्या त्याला ‘माझं काम’ म्हणायची आणि घरात कुणी पिठाला हात लावला की ओरडायची.

प्रूदाँचं गाजलेलं वाक्य म्हणजे ‘मालमत्ता ही चोरी आहे’. ते वाचून लोक घाबरतात, पण तो अंगावरच्या सदऱ्याबद्दल किंवा राहत्या खोलीबद्दल बोलत नव्हता. वापर आणि मालकी यांत तो फरक करत होता. मी जिथे राहतो, जे वापरतो, तो माझा ताबा. पण मी कधी पायही न ठेवलेल्या जागेतून दुसऱ्याकडून पैसे काढत राहतो, ती मालकी, चोरी ती. पॅरिसच्या वाचकाला हा फरक समजवायला त्याला पानंच्या पानं लागली. पागडीच्या खोलीत वाढलेल्याला दोन मिनिटं पुरतात. आमची खोली कागदावर मालकाची आहे. तीन पिढ्या राहतोय आम्ही. भाडं इतकं की ते वसूल करायला मालकाचा माणूस टॅक्सीने आला तर मीटर पडतानाच तोट्यात जाईल. खोली विकली तर मालकाला वाटा द्यावा लागतो, पण तो आम्हाला काढू शकत नाही. ताबा आमचा आणि मालकी त्याची, अशी ही व्यवस्था पाऊणशे वर्षांहून जास्त चाललीय.

पण ती चालली कशामुळे? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे, ज्याने प्रमाण भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलं. म्हणजे प्रूदाँला हवा असलेला ताबा आम्हाला सरकारने मिळवून दिला, कोर्ट-कचेरी आणि पोलिसांच्या जोरावर. इथे शुद्ध अराज्यवाद्याची पंचाईत होते, आणि ती होते याचं मला बरं वाटतं. एखाद्या विचाराने सगळीच कुलपं उघडली की मला त्याचा संशय येतो.

सरकारांनी या लोकांची व्याख्या काय केली, ते थोडक्यात. रौलट कायद्याचं १९१९ मधलं अधिकृत नावच अराजकी आणि क्रांतिकारी गुन्ह्यांचा कायदा असं होतं, आणि त्यात बॉम्बवाले, पत्रकवाले, सगळे एका पोत्यात. गांधींनी १९१६ मध्ये बनारसला, राजे-महाराजे समोर बसलेले असताना, ‘मीही अराजकवादीच आहे, पण वेगळ्या प्रकारचा’ असं सांगून टाकलं होतं. भगतसिंगाने १९२८ मध्ये ‘किरती’ मासिकात अराज्यवाद म्हणजे काय हे लेख लिहून समजावलं. दिल्लीच्या सभागृहात बॉम्ब टाकला तेव्हाच्या पत्रकातलं ‘बहिऱ्यांना ऐकवायला मोठा आवाज लागतो’ हे वाक्यही त्याने फ्रेंच अराज्यवादी व्हेयाँकडून घेतलेलं. आणि आपलीही सरकारी व्याख्या आहेच: ‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला, ऐन आणीबाणीत, विरोधक तुरुंगात असताना. तो काढावा या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या आणि सांगितलं की इथे त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य एवढाच, खाजगी उद्योगाला त्याने अडत नाही. म्हणजे सगळ्यांनाच चालेल असा समाजवाद. बाकुनिन हसला असता. मार्क्सही हसला असता, आणि दोघं एकत्र हसण्याचा तो दुर्मीळ प्रसंग ठरला असता.

आता अराज्यवाद्यांच्या व्याख्येला मुंबईत जो सगळ्यात जोराचा धक्का बसतो, त्याकडे येतो. तो साचेखात्यातूनच बसतो.

साच्यावर इकडून तिकडे धावणारा धोटा असतो. त्यात बाण्याची, म्हणजे आडव्या सुताची, कांडी. कांडी संपली की विणकर नवी घालतो आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढतो. जुन्या साच्यांवर ते छिद्राला तोंड लावून, श्वास आत ओढून काढायचे. एकाच धोट्याला पाळीपाळीने अनेकांची तोंडं लागायची. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नसत, आणि जास्त पगार साचेखात्यातच होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. हे लक्षात घेण्यासारखं आहे की ही बंदी कुठल्या सरकारने घातली नव्हती. कुठल्या मालकाच्या हुकुमाचीही तिला गरज नव्हती. ती सवर्ण कामगारांनी आपसांत, वरून काहीही न येता, पाळली होती. वरचा हुकूम नाही, शिक्का नाही, पोलीस नाही. आणि तरी दुसऱ्या माणसाचं आयुष्य अडवून धरणारी ताकद.

क्रोपोत्किनने १९०२ मध्ये परस्पर साहाय्यावर ग्रंथ लिहिला. मुंग्यांपासून मध्ययुगीन शहरांपर्यंत सगळीकडे सहकार्य कसं टिकवतं ते त्याने दाखवलं. पण आपल्याकडे परस्पर साहाय्य जातीच्या आत चालतं आणि जातीच्या दारावर थांबतं. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या, खानावळी, भिशी, गावाकडून आलेल्या पोराला चिकटवून देणारा जॉबर, हे सगळं क्रोपोत्किनला दाखवलं असतं तर तो हरखून गेला असता. आणि त्याच खोलीत कुणाला पथारी टाकता येत नाही, हे त्याला सांगावं लागलं असतं. म्हणून गांधी-विनोबांच्या ग्रामस्वराज्याचं आणि शासनमुक्त समाजाचं स्वप्न मला खरं वाटायचं थांबतं. विनोबा आपल्या रायगडातल्या गागोद्याचे. पण त्याच गागोद्याच्या वेशीबाहेर कोण राहत होतं, हे विनोबांच्या ‘लोकनीती’ या शब्दाने सुटत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत आंबेडकरांनी खेड्याला स्थानिक संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं, तेव्हा ते हेच बोलत होते. आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी आणखी खोल बोट ठेवलं: राज्याच्या नियंत्रणापासून स्वातंत्र्य ज्याला म्हणतात ते खाजगी मालकाच्या हुकूमशाहीचं दुसरं नाव आहे. त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याकडे द्यायला सांगितली, पण ती घटनेतच लिहून, म्हणजे उद्याच्या बहुमताला हात लावता येऊ नये. सरकारवर आंधळा विश्वास असलेला माणूस असं कुंपण घालत नाही.

मला वाटतं की आंबेडकरांनी अराज्यवाद्यांचा प्रश्न फेकून दिला नाही, तो त्यांच्याच हातून काढून घेऊन नीट विचारला. हुकूम कोण सोडतं, एवढ्याने भागत नाही. हुकूम न सोडताही कोण कुणाला अडवतं, तेही विचारावं लागतं. या दुसऱ्या अर्ध्याशिवाय अराज्यवाद्यांची व्याख्या भारतात लंगडी आहे. आणि पहिल्या अर्ध्याशिवाय आमचे डावे-उजवे आयुष्यभर पाट्या वाचत बसतात.

अराज्यवादी स्वतःही व्याख्येचं कंपाउंड बांधण्यात कमी नाहीत. बाजारवाले स्वतःला अराज्यवादी म्हणवतात तर हे म्हणणार, ते आमचे नव्हेत. क्रोपोत्किनने पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची बाजू घेतली, तर अर्ध्यांनी त्यालाच बाहेरचा ठरवलं. आमच्या चाळीतले सावंतकाका, निवृत्त साचेवाले आणि अजूनही लाल बावट्याचे, या विषयावर माझी मस्त जिरवतात. एकदा मी त्यांना स्पेनबद्दल सांगत होतो, १९३६ मध्ये बार्सिलोनाच्या ट्रॅम कामगारांनी मालकाविना कशा चालवल्या ते.

“आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तुझे अराज्यवाले मंत्री झाले,” काका म्हणाले. “चार जण. सरकार नको म्हणणारे सरकारात! आम्ही निदान आधी सांगून जातो.”

खरं आहे ते. चारच होते.

सध्या चाळ पुनर्विकासात जाते आहे. एक्कावन्न टक्के भाडेकरूंची संमती झाली की बाकीच्यांनाही कायद्याने खोली सोडावी लागते. परवा गॅलरीत मीटिंग झाली. बिल्डरच्या माणसाने प्लॅन पसरला, नवी घरं ‘ओनरशिप’ने मिळणार म्हणून टाळ्या झाल्या. मी उठून बोललो. समितीत कोण असणार, तिला बदलायचं झालं तर कसं, एक्कावन्नात जे नाहीत त्यांचं म्हणणं कुठे नोंदवणार, करारावर समितीने सही करण्याआधी तो सगळ्यांसमोर मराठीतून वाचला जाणार का. तळमजल्यावरच्या कांबळेवहिनींनी आणखी एक विचारलं, जे मला सुचलं नव्हतं: नव्या इमारतीत कुणाला कुठला मजला, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार की समितीच्या मर्जीने? गॅलरी एकदम गप्प झाली. आमच्याकडे तळमजल्याच्या मागच्या खोल्या कुणाच्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चिठ्ठ्याच टाकायच्या, असं शेवटी लिहून घेतलं. पहिल्या मजल्यावरच्या दोघांनी सही करताना तोंड वाकडं केलं.

मीटिंग संपल्यावर जिन्यात काकांनी मला गाठलं. मला वाटलं, बूर्झ्वा लोकशाहीवर दोन शब्द ऐकायला मिळणार.

“बोललास छान,” ते म्हणाले. “आणि ती कांबळ्यांची सून तर फारच. पण एक राहिलं विचारायचं.”

“काय, काका?”

“बिल्डर कॉर्पसचे पैसे किती देतोय?”